भिंतीलाही कान

मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे टेकडीवर पूर्णगडाचा लहानसा किल्ला उभा आहे. दरवाजा उघडा आहे की बंद, हे तेथील पहारेकऱ्यास डोळ्यांनी दिसत असे. आज गडाखालच्या गावातही संगणक व मोबाइल आले आहेत. त्यांना मात्र असा एक दरवाजा असतो, की तो उघडा राहिला तरी सहसा ध्यानात येत नाही. तो म्हणजे मायक्रोफोन.

आपण बोलतो तेव्हा हवेत कंप उत्पन्न होतात. त्यांनी मायक्रोफोनमधील पातळ पडदा हालतो. त्या हालचालीचे विजेत व विजेचे आकड्यांत रूपांतर होते. संगणक इंटरनेटला जोडलेला असेल, तर हे आकडे क्षणार्धात सातासमुद्रापार जातात. जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर जागेवर ठेवला की खटका दाबला जाऊन संभाषण तुटे. संगणकात बहुधा असा खटका नसतो. केव्हा ऐकावयाचे हे त्यातील प्रोग्रॅम ठरवितो. कॅमेऱ्यावर कागद चिकटविता येतो, परंतु आवाज काही कागदाने अडत नाही!

आपल्या घरचे बोलणे कोणास हवे, असे कोणी म्हणेल. पण आजोबांचा आजार, आईने मोठ्याने वाचलेला बँकेचा गुप्त क्रमांक, हे सारे त्या बोलण्यातच असते. शिवाय परवानगी एकाने दिली, तरी आवाज घरातील सर्वांचा जातो.

लपविलेला कान ही युक्ती तशी जुनीच. १९४५ साली मॉस्को येथे शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूतास एक कोरीव लाकडी राजमुद्रा भेट दिली. ती त्याच्या निवासस्थानी भिंतीवर टांगली गेली. तिच्या पोटातील श्रवणयंत्र सापडले ते १९५२ साली! पुढे तर खेळण्यांनाही कान फुटले. मुलांशी गप्पा मारणारी ‘कायला’ नावाची बाहुली जवळपासच्या कोणाही परक्यास आपल्या मोबाइलला जोडता येई. म्हणून २०१७ मध्ये जर्मनीने तिच्यावर बंदी घातली.

त्याच वर्षी, २४ ऑगस्ट रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. कोणकोणत्या प्रोग्रॅमना मायक्रोफोनची परवानगी आहे, याची यादी मोबाइलच्या सेटिंगमध्ये पाहावयास मिळते. ती वडीलधाऱ्यांसमवेत उघडून पाहावी. तीत विजेरी लावण्याच्या प्रोग्रॅमचे नाव आढळले, तर त्यास कानांची गरज ती काय?