दोन देशांतील सेवा आणि उतारवयातील हक्क

अँटवर्पच्या विल्रेइक उपनगरातील संगमरवरी जिनमंदिर म्हणजे हिऱ्यांच्या व्यापाराने घडवलेल्या एका स्थलांतराची साक्षच होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालनपूर परिसरातील अनेक जैन कुटुंबे या व्यापारानिमित्त बेल्जियमला स्थायिक झाली. त्यांच्या पाठोपाठ मुंबईच्या पेढ्यांतून हिशेबनीस, हिऱ्यांची प्रतवारी करणारे आणि विक्री सांभाळणारे तरुणही तेथे नोकरीस गेले. अशा माणसाची काही वर्षे भारतात जमा असतात, काही परदेशात. उतारवयात त्याला निवृत्तिवेतन कोणी द्यावयाचे?

उत्तर असे की, दोन्ही देशांनी. प्रत्येकाने आपापल्या हिश्शापुरते. भारत आणि बेल्जियम यांच्यात 3 नोव्हेंबर 2006 रोजी सामाजिक सुरक्षा करार झाला आणि 1 सप्टेंबर 2009 पासून तो अमलात आला. भारताच्या बाबतीत अमलात आलेला या स्वरूपाचा हा पहिला करार होय. त्याची मुख्य तत्त्वे तीन. पहिले, एकाच नोकरीसाठी दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये. भारतीय कंपनीने आपला कर्मचारी 60 महिन्यांपर्यंत तिकडे पाठवला, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या दाखल्यावर त्याची वर्गणी भारतातच चालू राहते. दुसरे, मिळवलेले निवृत्तिवेतन देश सोडल्यामुळे बुडू नये. बेल्जियमचे निवृत्तिवेतन भारतात राहूनही घेता येते. तिसरे, पात्रता ठरवताना दोन्ही देशांतील सेवाकाळाची बेरीज व्हावी.

या तिसऱ्या तत्त्वाचे मोल भारतीय बाजूला विशेष आहे. 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. समजा, एका तरुणाने मुंबईच्या एका कंपनीत 15,000 रुपये मूळ वेतनावर 6 वर्षे नोकरी केली आणि पुढची 20 वर्षे अँटवर्पमध्ये काढली. केवळ भारतीय सेवा पाहिली तर तो अपात्र ठरतो. करारामुळे 6 आणि 20 अशी 26 वर्षे धरली जातात व तो पात्र होतो. रक्कम मात्र भारतातील 6 वर्षांपुरतीच मिळते. निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70, या सूत्राने ती महिना सुमारे 1,286 रुपये येते.

रक्कम लहान आहे, हे खरे. आणि नेमकी येथेच बहुतेकांची चूक होते. परदेशी जाताना घाईघाईने भविष्य निर्वाह निधीसोबत निवृत्तिवेतन खात्यातील पैसेही काढून घेतले जातात. वरील उदाहरणात हाती येणारी रक्कम लाखाच्या आतलीच असते. पण ती उचलताच 6 वर्षांची सेवा पुसली जाते आणि पुढे जोडण्यासाठी भारतीय बाजूला काहीच उरत नाही. व्यापारी मन म्हणेल, हे पैसे ठेवीत घातले तर वीस वर्षांत वाढतील. तेही खोटे नाही. परंतु ठेव संपते, निवृत्तिवेतन तहहयात चालते. आणि पतीच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सदस्य 58 वर्षांपूर्वीच निवर्तला तरी त्याच्याकडे योजना प्रमाणपत्र असेल तर कुटुंबाचा हक्क शाबूत राहतो. हे प्रमाणपत्र, म्हणजेच स्कीम सर्टिफिकेट, ज्या 10-सी अर्जाने पैसे काढतात त्याच अर्जाने मागता येते. निर्णय घरातील दोघांनी मिळून, हा फरक समजून घेऊनच करावा.

बेल्जियमच्या बाजूचा हिशेब वेगळा आहे. तेथे पूर्ण कारकीर्द 45 वर्षांची मानतात आणि नोकरदाराला प्रत्येक वर्षामागे पंचेचाळिसावा हिस्सा मिळतो. म्हणजे 20 वर्षे काम केलेल्याला 45 पैकी 20 हिस्से. तेथे स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनाही वर्गणी भरावी लागते व त्यांचेही निवृत्तिवेतन साचते, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावी. भारतात मात्र तसे नाही. स्वतःच्या पेढीत भागीदार म्हणून घालवलेली वर्षे या योजनेत येत नाहीत. आणि ज्या पेढीत 20 पेक्षा कमी माणसे आहेत तिला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागू नसतो. म्हणून ‘मुंबईत दहा वर्षे काम केले’ एवढे पुरेसे नाही. वर्गणी भरली गेली होती का, हे पाहावे लागते.

वयाची अटही दोन्हीकडे सारखी नाही. भारतात 58, तर बेल्जियममध्ये फेब्रुवारी 2025 पासून 66 आणि फेब्रुवारी 2030 पासून 67. त्यामुळे अर्जाच्या तारखा दोन असतात. बेल्जियममध्ये राहणाऱ्याची तेथील प्रक्रिया आपोआप सुरू होते. भारतात परतलेल्याला स्वतः अर्ज करावा लागतो आणि तो वर्षभर आधी करता येतो. भारतातील अर्ज भविष्य निर्वाह निधी कार्यालयामार्फत तिकडे पाठवता येतो. पुढे हयातीचा दाखला वेळेवर न दिल्यास रक्कम थांबते.

सर्वच देशांशी असा करार नाही. जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याशी आहे. अटी मात्र ज्याच्या त्याच्या. अमेरिकेशी नाही; तेथे साधारण 10 वर्षांची वर्गणी स्वतंत्रपणे पूर्ण करावी लागते. ब्रिटनचे नवे राज्य निवृत्तिवेतनही किमान 10 वर्षे मागते आणि भारतात राहणाऱ्याला त्यात वार्षिक वाढ मिळत नाही. दुबईत परदेशी नोकरदाराला निवृत्तिवेतनाऐवजी सेवेच्या अखेरीस एकरकमी उपदान मिळते.

दिवाळीच्या वहीपूजनाला घरोघरी नव्या वहीवर कुंकू लागते. त्याच दिवशी आणखी एक फाईल उघडावी. तीत भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, योजना प्रमाणपत्र, बेल्जियमचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक, जुन्या वेतनपावत्या, नियुक्ती व कार्यमुक्तीची पत्रे आणि विवाहनोंदणीचा दाखला असावा. पारपत्रावरील नाव व जन्मतारीख निधीच्या नोंदीशी जुळते का, हे त्याच वेळी तपासावे. जुळत नसेल तर जुना मालक हयात व पेढी चालू असतानाच दुरुस्ती करून घ्यावी. आणि ही फाईल कोठे आहे, तीत काय आहे, हे घरातील स्त्रीला नीट समजावून द्यावे. अनेकदा पतीच्या पश्चात हा अर्ज भरण्याची वेळ तिच्यावरच येते.