न वापरलेला, पण जुना : मोटारीचा टायर घेतांना पाहावयाची तारीख

पवनाकांठीं पिंपळे सौदागर येथें जेथें पूर्वीं शेतें होतीं, तेथें आज इमारती उभ्या आहेत, आणि शेतकरी कुटुंबांच्या दारीं मोटारी आल्या आहेत. चाकणच्या बाजारास जाणें असो कीं द्रुतगति मार्गानें मुंबईस जाणें असो, घरचीं माणसें त्याच मोटारींत बसतात. अशा मोटारीस टायर घेण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळदां ऐकूं येतें कीं, "टायर चाकास कधीं लागलाच नाहीं, दुकानांत पडून होता, म्हणून अर्ध्या किंमतींत देतों." हा सौदा करावा कीं नाहीं, याचा येथें विचार करूं.

बियाण्याची थैली फोडली नाहीं म्हणून आंतलें बीं नवें राहत नाहीं. वर्षें लोटलीं कीं त्याची उगवणशक्ति घटते. टायरचेंही तसेंच आहे. हवेंतील प्राणवायु व ओझोन, ऊन आणि उष्णता यांनीं रबर हळूहळू कडक व ठिसूळ होतें. तें टिकावें म्हणून कारखान्यांत त्यांत मेण व इतर संरक्षक द्रव्यें मिसळलेलीं असतात. टायर फिरूं लागला, वांकूं लागला, कीं हीं द्रव्यें पृष्ठभागावर येत राहतात. पडून असलेल्या टायरास हा लाभ फारसा मिळत नाहीं. आंतील पोलादी तारांचे पट्टे व रबर यांची पकड सैल झाली, तर भर वेगांत तापलेल्या टायरचा वरचा थर सुटून येतो. वरच्या खांचा पाहून हें कळत नाहीं.

आपल्याकडील मोटार वाहन नियम मोटारीच्या टायरास किमान 1.6 मिलिमीटर खोल खांच मागतो. 2023 सालीं समृद्धि महामार्गावर परिवहन खात्यानें गाड्या अडविल्या, त्याही झिजलेल्या टायरांसाठीं. ही तपासणी योग्यच होय. परंतु खांच मोजल्यानें वय मोजलें जात नाहीं. परदेशांत याचा धडा फार महाग पडला. इंग्लंडांत सप्टेंबर 2012 मध्यें एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा अंत झाला. तो टायर सुमारें 19 वर्षांचा होता, आणि वयाची मर्यादा तेथील कायद्यांत त्या वेळीं नव्हती. पुढें 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्यें लॉरी व बस यांच्या पुढच्या आंसावर दहा वर्षांहून जुना टायर चालविण्यास बंदी झाली.

जमीन घेण्यापूर्वीं आपण सात-बारा पाहतों. टायरचा उताराही त्याच्या अंगावरच असतो. बाजूच्या भिंतीवर इंग्रजी डी-ओ-टी या अक्षरांपुढें जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आंकडे पाहावे. 3219 असेल तर टायर 2019 सालच्या 32 व्या आठवड्यांत तयार झाला. तीनच आंकडे असतील तर तो 2000 सालापूर्वींचा. त्यास हात लावूं नये. पुष्कळदां हे आंकडे एकाच बाजूस असतात, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्या.

अनेक मोटार कारखाने सहा वर्षांनीं टायर बदलण्यास सांगतात. कांहीं मोठे टायर कारखाने पांच वर्षांनंतर दरसाल तपासणी व दहा वर्षें ही शेवटची मर्यादा मानतात. हें वय तयार झाल्या दिवसापासूनचें आहे. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागीं ठेवलेला एक-दोन वर्षांचा टायर घेण्यास हरकत नाहीं. पांच वर्षांपलीकडचा मात्र मोटारीसाठीं घेऊं नये, असें आमचें मत आहे.

हिशेबही पाहावा. समजा, एक वर्षाचा टायर 6,000 रुपयांस मिळतो. सहा वर्षांच्या मर्यादेनें त्याचीं पांच वर्षें उरतात, म्हणजे वर्षास 1,200 रुपये पडले. पांच वर्षांचा टायर 3,000 रुपयांस घेतला तर एकच वर्ष उरतें, म्हणजे वर्षास 3,000 रुपये! स्वस्त कोणता, हें वाचकांनींच ठरवावें.

घेतांना टायर उजेडांत आणावा. खांचांच्या तळाशीं, भिंतीवर व रिंगेवर बसणाऱ्या कडेस बारीक चिरा आहेत काय तें पाहावें. पॉलिशनें चिरा झांकल्या जातात, म्हणून आधीं ओल्या फडक्यानें पुसावा. आय-एस-आय चिन्ह असावें, आणि पावतीवर ते चार आंकडे लिहून घ्यावे. घरचा जादा टायरही याच नियमानें तपासावा. तो विहिरीवरील मोटारीच्या खोलींत ठेवूं नये. विजेच्या ठिणग्यांनीं तेथें ओझोन उत्पन्न होतो.

जुना टायर घरीं पडलाच असेल, तर तो बैलगाडीस लावावा. तेथें ना वेग, ना ताप. ज्या गाडींत मुलेंबाळें बसतात, तिला मात्र तो लावूं नये.