ट्रॉली की बैलगाडी? फोनच्या तारेवरचा हिशेब

१९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा परिसरात ७० गावांना संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. त्या काळी खेड्यात इंटरनेट यायचे ते बहुधा टेलिफोनच्या तारेवरूनच. तारेत खरखर असली की मजकूर अडायचा, फोनचे मीटर मात्र पळत राहायचे.

इंटरनेटवरची माहिती सलग जात नाही, पुडकी बांधून जाते. विंडोज ९५ मध्ये पुडके १५०० बाइटपर्यंतचे असे. २८.८ किलोबिटच्या मोडेमला ते ओढायला सुमारे ०.४ सेकंद लागत. ५७६ बाइटचे ०.१६ सेकंदात पार. उसाचेच बघा ना. भरलेली ट्रॉली पाणंदीत उलटली तर सगळा ऊस पुन्हा भरायचा, बैलगाडी उलटली तर तेवढाच. पण प्रत्येक पुडक्यावर पत्त्याचे निदान ४० बाइट चढतात. तार चांगली असेल तर लहान पुडके तोट्याचेच, मग ‘लहान म्हणजे वेगवान’ असे कुणी कितीही सांगो! विंडोज ९८ मध्ये डायल-अप अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी पॅकेट साईज’ निवडायची सोय होती: ऑटोमॅटिक, लार्ज, मीडियम, स्मॉल.

आता बऱ्याच ग्रामपंचायतींत फायबर आले, तरी हा आकडा सुटलेला नाही. पीपीपीओई जोडणीत ८ बाइट वेष्टनालाच जातात, म्हणून तिथे १५०० नव्हे, १४९२. तेव्हा भाऊसाहेब, काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावरच लटकतात, असे झाले तर राउटरमधला ‘एमटीयू’ आधी बघा. लाइनमनला फोन त्यानंतर.