कळसापासून पायापर्यंत

आपल्या वर्धा जिल्ह्यात शेतात विहीर खणावयाची म्हणजे शेतकऱ्याच्या धीराची कसोटीच असते. वरची काळी माती चार दिवसांत निघते. तिच्याखालचा मुरूमही पहारीला दाद देतो. पण त्याच्याही खाली काळा पत्थर लागला, की पहार ठणकन मागे उडते, छिन्नीची धार बोथट होते आणि दिवसभर राबूनही वीतभर खोली वाढत नाही. मग सुरुंग लावल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हा पत्थर आला कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि दूरवर पसरून थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. महाराष्ट्राची बहुतेक भूमी अशा थरांची बनलेली आहे. आपल्या विहिरीच्या तळाशी लागणारा दगड आणि सह्याद्रीच्या कड्यांचा दगड हे एकाच जातीचे आहेत. सुरुंगाची दारू कोणास ठाऊक नव्हती, अशा काळी काही माणसांनी याच दगडात एक प्रचंड विहीर खोदली. आपण विहिरीतला सारा दगड काढून टाकतो. त्यांनी मात्र मधला दगड राखून ठेवला आणि त्याचेच मंदिर केले. वेरूळचे कैलास लेणे ते हेच.

वेरूळ हे गाव छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. तेथील डोंगराच्या पश्चिमेकडील उतारावर ओळीने ३४ लेणी आहेत. पहिली बारा बौद्धांची, १३ ते २९ ही हिंदूंची आणि शेवटची पाच जैनांची. तीन धर्मांची ही लेणी एकाच डोंगराच्या कुशीत शेजाराने नांदत आली आहेत. १९८३ साली त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. कैलास हे त्यांपैकी सोळावे लेणे होय.

इतर बहुतेक लेणी कड्याच्या पोटात आडवी खोदत नेलेली आहेत. त्यांना दर्शनी भाग असतो आणि आतली दालने असतात. परंतु बाहेरून त्यांना पाठ नसते, माथाही नसतो. कैलासाची गोष्ट निराळी. त्याच्याभोवती चोहोबाजूंनी फिरता येते. त्याला शिखर आहे, भिंती आहेत, जोते आहे. म्हणजे आपल्या गावच्या देवळाला जे जे असते ते सारे आहे. फरक एवढाच, की त्यात एकही दगड दुसऱ्यावर रचलेला नाही. खांब, तुळया, कोनाडे, जाळ्या या जणू जोडून बसविल्याप्रमाणे दिसतात. मात्र सांधा शोधू लागलात तर तो सापडावयाचा नाही.

हे काम कसे झाले असेल ते नीट समजून घ्या. प्रथम डोंगराच्या उतारावर वरून खाली तीन मोठे चर खोदण्यात आले, दोन बाजूंनी दोन आणि मागच्या अंगाला एक. त्यामुळे मधोमध एक अवाढव्य कातळ सुटा झाला; खालून तो डोंगराला जखडलेलाच राहिला. मग या कातळाच्या माथ्यापासून कोरीव कामास प्रारंभ झाला. घर बांधताना गवंडी पायापासून वर चढत जातो. येथील पाथरवट शिखरावरून खाली उतरत आले. जसजसे चर खोल जात, तसतसा कातळाचा पुढचा भाग हाताशी येई. तो पुरता घडवून झाला की खालचा. म्हणून त्यांना उंच परांची बांधावी लागली नाही. पायांखालचा न खोदलेला दगड हीच त्यांची परांची होती. आजही चरांच्या भिंतींवर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात.

या आवाराची लांबी सुमारे ८२ मीटर व रुंदी सुमारे ४६ मीटर आहे. मागच्या बाजूची कातळभिंत तीस मीटरांहून उंच आहे. सुमारे दोन लाख टन दगड येथून काढला गेला असावा, असा अंदाज केला जातो. एका बैलगाडीत एक टन धरला, तर दोन लाख गाड्या भरतील! काही लोक या आकड्याला दिवसांनी भागून काम किती वर्षांत झाले असेल त्याचा हिशेब मांडतात. मी जन्मभर मुलांना भागाकार शिकविले. पण हा भागाकार मला फारसा पटत नाही. रोज किती हात राबत होते हेच जेथे माहीत नाही, तेथे उत्तर कितीही सुबक आले तरी त्याचा उपयोग काय?

एकदा आमच्या शाळेची सहल वेरूळला गेली होती. सहावीतील एक मुलगी बराच वेळ शिखराकडे पाहत उभी होती. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, आणि चुकले असते तर?" तिच्या प्रश्नाचे मला फार कौतुक वाटले. विटेची भिंत वाकडी झाली तर गवंडी ती पाडून पुन्हा बांधतो. कागदावर अक्षर चुकले तर तुम्ही ते खोडता. येथे मात्र उडालेला टवका परत बसविण्याची सोय नव्हती. सिंहाच्या पंजासाठी राखावयाचा दगड घाईने फोडला, तर तो पंजा कायमचा गेला. इतकेच नव्हे, तर शिखर कोरीत असतानाच, तीस मीटर खाली जोते कोठे येईल, हत्ती कोठे उभे राहतील आणि नंदीमंडपापर्यंतचा पूल किती रुंद ठेवावयाचा, हे सारे आधीच ठरलेले असावे लागे. न दिसणारे मंदिर कोणाच्या तरी मनात संपूर्ण उभे होते. त्याच्याभोवतीचा नको असलेला दगड तेवढा काढावयाचा होता.

अर्थात ही कल्पना शून्यातून निघालेली नव्हती. कर्नाटकात पट्टदकल येथे चालुक्यांच्या काळात, आठव्या शतकाच्या मध्यास, विरूपाक्षाचे मोठे दगडी मंदिर बांधले गेले. पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांचे राज्य घेतले. कैलासाची मांडणी पुष्कळशी त्या विरूपाक्ष मंदिरासारखीच आहे. जे तेथे रचून केले होते, ते येथे कोरून करावयाचे, असे राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी ठरविले.

आता आपण आत जाऊ. गोपुरातून प्रवेश करताच समोर गजलक्ष्मीचे शिल्प दिसते. कमळांनी भरलेल्या सरोवरात देवी बसली आहे आणि हत्ती तिच्यावर जलाभिषेक करीत आहेत. अंगणात दोन्ही बाजूंना एकेक दगडी हत्ती व एकेक ध्वजस्तंभ आहे. हत्ती आज भग्न झाले आहेत. स्तंभ मात्र सुमारे पंधरा मीटर उंच, ताठ उभे आहेत. डाव्या हाताच्या कातळात गंगा, यमुना व सरस्वती या तीन नद्यांचे लहानसे मंदिर कोरलेले आहे. आमच्या पूर्वजांनी नद्यांना देवता मानले, म्हणून शंकराच्या दर्शनास जाताना वाटेवर त्याही भेटतात.

मंदिराचे जोते माणसाच्या चौपट उंच आणि भरीव आहे. त्याच्या भोवताली हत्तींची रांग आहे. साऱ्या मंदिराचा भार त्यांनी पाठीवर तोलून धरला आहे, असा भास होतो. वर गेल्यावर सोळा खांबांचा सभामंडप लागतो. त्यापुढे अंतराळ आणि मग गाभारा. अंगणातल्या लख्ख उन्हातून मंडपाच्या सावलीत आणि तेथून गाभाऱ्याच्या काळोखात असा हा प्रवास आहे. वर पाहावे तर पर्वताचे शिखर, आत जावे तर त्याच पर्वताची गुहा आणि गुहेत शिवलिंग. शंकराचे निवासस्थान कैलास पर्वत होय. म्हणून कारागिरांनी पर्वतासारखे मंदिर केले असे म्हणावे, तर येथे मंदिर खरोखरच पर्वताचे आहे. ते डोंगरापासून कधी वेगळे झालेच नाही. शिखरावर एके काळी पांढरा गिलावा होता, त्याचे अवशेष आढळतात. तो हिमालयातील बर्फाची आठवण देण्यासाठी असावा, असे काही अभ्यासकांना वाटते.

या लेण्यातील सर्वांत थोर शिल्प कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी त्याला दक्षिणेकडील बाजूस नेईन. तेथे मंदिराच्या तळाशी दगड खोल खोदून एक अंधारी पोकळी केली आहे आणि तिच्यात रावण बसला आहे. बळाच्या गर्वाने त्याने आपले अनेक हात पसरून कैलास पर्वत हलविण्यास आरंभ केला आहे. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे; एक दासी भयाने पळत सुटली आहे. शंकर मात्र शांत आहे. त्याने नुसता पाय दाबला आणि रावण पर्वताखाली अडकला. हे शिल्प कोठे कोरले आहे ते ध्यानात घ्या. ज्या पर्वताला रावण हलवू पाहतो, तो पर्वत म्हणजे त्याच्या डोक्यावरचे हे प्रत्यक्ष मंदिर! कथेतला कैलास आणि दगडातला कैलास शिल्पकाराने येथे एक करून टाकला.

एवढे मंदिर करविले कोणी? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने. इसवी सन ७५६ ते ७७३ च्या सुमारास त्याचे राज्य होते. आवारातील काही भाग मागाहून खोदला गेला असावा, असे विद्वानांचे मत आहे. कृष्णानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, इसवी सन ८१२ मध्ये, याच कुळातील कर्क या राजाने दिलेला एक ताम्रपट बडोद्यास सापडला. त्यात एलापुरच्या या देवालयाचे वर्णन आहे. विमानातून जाणाऱ्या देवांनी ते पाहिले आणि हे मानवाचे काम नव्हे, आपोआप प्रकटलेले आहे, असे त्यांना वाटले. इतकेच काय, ते निर्माण करणारा शिल्पीही, हे मी केले तरी कसे, असे म्हणून थक्क झाला, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. राजाचे नाव ताम्रपटात आले. त्या शिल्प्याचे आले नाही.

लोकांनी मात्र त्याचे नाव जपले आहे. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात कथा आहे, की राजाचा दुर्धर रोग बरा व्हावा म्हणून राणीने शंकराला नवस केला आणि मंदिराचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही, असे व्रत धरले. राजा बरा झाला. पण शिखर दिसण्यास कित्येक महिने लागतील, असे एकामागून एक कारागीर सांगू लागले. तेव्हा कोकास नावाचा शिल्पी पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यापासूनच कोरण्यास आरंभ केला आणि आठवड्यात राणीला शिखर दाखविले. ही झाली दंतकथा. तथापि अकराव्या ते तेराव्या शतकांतील मध्य भारतातल्या काही शिलालेखांत कोकासाच्या घराण्यातील शिल्पकारांचे उल्लेख येतात. त्यामुळे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ही कथा सर्वस्वी काल्पनिक मानली नाही.

तुम्ही वेरूळला जाल तेव्हा अंगणातून पाहून लगेच परतू नका. बाजूच्या उतारावरून डोंगरावर चढून जाता येते. कड्यापासून जरा दूरच उभे राहा आणि खाली पाहा. सभामंडपाच्या छतावर एक मोठे कमळ उमललेले दिसेल आणि त्यावर चार सिंह. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. खालचे हत्ती, खांब, गाभारा यांतले काहीही अस्तित्वात नव्हते, तेव्हा हे कमळ कोरून पुरे झाले होते.