वेकबोर्डिंग शिकायचंय? मग आधी बोर्ड नाही, दोर बघा!

अलिबागला किंवा तारकर्लीला बनाना राइड केली असेल, तर दोराने ओढत नेण्याची मजा तुम्हाला माहीत आहे. वेकबोर्डिंगमध्येही पुढे बोट आणि मागे दोर असतो. फरक एवढाच, की इथे फुग्यावर बसायचं नसतं, तर दोन्ही पाय बोर्डावरच्या बुटांत अडकवून, हँडल धरून उभं राहायचं असतं. बोटीमागे उठणाऱ्या लाटेला 'वेक' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

भूगावच्या तलावात जमेल का?

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगावचा मानस तलाव लागतो. शांत पाणी पाहून 'इथेच शिकलो तर?' असं वाटणं साहजिक आहे. पण थोडं गणित करून बघा. नवशिक्याला बोट ताशी साधारण २७ किलोमीटर वेगाने ओढते. म्हणजे मिनिटाला ४५० मीटर! लहान तलावात बोट सारखी वळवावी लागते. वळताना दोर सैल पडतो आणि शिकणारा पाण्यात बसतो. काठावर आपटून परत येणाऱ्या लाटा वेगळ्याच. त्यामुळे लांब, सरळ, मोकळं पाणी हवं आणि तिथे बोट चालवायची रीतसर परवानगीही हवी.

लहान जलाशयांसाठी परदेशात दुसरा मार्ग वापरतात. दोन खांबांमध्ये केबल ताणून मोटरने शिकणाऱ्याला ओढतात. बोटच लागत नाही.

दोर कसा निवडायचा?

बनाना राइडचा दोर इथे चालत नाही. वेकबोर्डचा दोर जवळपास न ताणला जाणारा असावा. ताणणारा दोर रबरासारखा झटके देतो, तोल जातो आणि हातातून सुटला तर हँडल उसळून बोटीतल्या माणसाला लागू शकतं.

लांबीही महत्त्वाची. तरबेज खेळाडू २० मीटर किंवा त्याहून लांब दोर वापरतात. नवशिक्याला १० ते १५ मीटर पुरतो. बोटीजवळ लाट अरुंद असते आणि दोर उंचावर बांधला असेल तर ओढ थोडी वरच्या दिशेने मिळते, त्यामुळे उठणं सोपं जातं. म्हणूनच वेकबोर्डच्या बोटींवर दोर बांधायला उंच कमान असते. हँडल रुंद आणि पाण्यावर तरंगणारं घ्यावं.

बोर्ड वजनानुसार घ्यायचा. शंका असेल तर थोडा मोठा बरा, कारण तो कमी वेगातही पाण्यावर येतो. लाइफ जॅकेट मात्र खरोखर तरंगवणारं, अंगाला घट्ट बसणारं हवं. फक्त आपटण्यापासून वाचवणारं पातळ जॅकेट नवशिक्यासाठी नाही.

उठायचं कसं?

१९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात राल्फ सॅम्युएलसन या १८ वर्षांच्या मुलाने वॉटर स्कीइंगचा प्रयोग केला. स्कीची टोकं पाण्याच्या पातळीत ठेवली तेव्हा तो सारखा बुडत होता. मागे रेलून टोकं पाण्याबाहेर काढली आणि जमलं!

वेकबोर्डचंही तेच आहे. पाण्यात पाठीवर तरंगत गुडघे छातीशी घ्यायचे, बोर्डाची कड पाण्याबाहेर ठेवायची आणि हात सरळ. बोट निघाली की घाईने उभं राहायचं नाही आणि हँडल छातीकडे ओढायचं नाही. बोर्ड आपोआप पाण्यावर येतो. मग एक पाय पुढे वळवून हळूहळू उठायचं.

हे कधीच विसरू नका

* पडणार असं वाटलं की हँडल लगेच सोडा. दोर हाताला, बोटांना किंवा कमरेला कधीही गुंडाळू नका.
* चालकाची नजर पुढे असते. त्यामुळे शिकणाऱ्याकडे पाहायला बोटीत दुसरा माणूस हवाच.
* खुणा आधीच ठरवा: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्याजवळ आडवा हात म्हणजे थांबा.
* पडलेल्या माणसाला बोटीत घेताना इंजिन पूर्ण बंद असलं पाहिजे. फिरता पंखा पाण्याखाली दिसत नाही.

पैसे भरण्यापूर्वी चालकाला दोनच प्रश्न विचारा: 'दोर किती लांब आहे?' आणि 'मागे कोण बघणार?' उत्तर देताना तो अडखळला, तर त्या दिवशी काठावर बसून चहा प्यायलेला बरा!