कुरूची साथ आणि एका अमिनो आम्लाचा फरक

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात फोरे लोक राहतात. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यात एक विचित्र रोग पसरला होता. रोग्याचा तोल जाई, अंग थरथरे आणि साधारण वर्षभरात मृत्यू येई. या रोगाला ते ‘कुरू’ म्हणत. मृत आप्ताचे शरीर अंत्यविधीत खाण्याची तेथे रीत होती. मेंदू बहुधा स्त्रिया व मुलांच्या वाट्याला येई. म्हणून रोगही त्यांच्यातच अधिक. १९५० च्या दशकात ही रीत बंद पडली आणि साथ हळूहळू ओसरली.

पण अशा अनेक अंत्यविधींत सामील झालेल्या काही स्त्रिया म्हातारपणापर्यंत धडधाकट राहिल्या. असे का व्हावे?

प्रथम रोगाचे कारण पाहू. ते जीवाणू नाही आणि विषाणूही नाही. आपल्या मेंदूत प्रिऑन प्रथिन मुळातच असते. त्याच्या रेणूची घडी चुकली, की तो शेजारच्या चांगल्या रेणूंचीही घडी बिघडवतो. थोड्या विरजणाने सगळे दूध विरजावे, तसेच हे. मात्र विरजणात जिवंत जीवाणू असतात; येथे केवळ प्रथिन असते. ही कल्पना मांडणाऱ्या स्टॅन्ले प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रथिनाचे जनुक विसाव्या गुणसूत्रावर असते. प्रथिनाच्या साखळीत १२९ व्या जागी मिथिओनिन किंवा व्हॅलिन यांपैकी एक अमिनो आम्ल असते. जनुकाची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सारख्या असतील तर बिघाड सहज पसरतो. वेगवेगळ्या असतील तर तो अडखळतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, वाचलेल्या ३० वृद्ध स्त्रियांपैकी २३ जणींमध्ये या प्रती वेगवेगळ्या आढळल्या. हे संरक्षण पूर्ण नव्हे. अशा काहींना लागणीनंतर चाळीस-पन्नास वर्षांनी कुरू झालाच.

२००९ मध्ये आणखी एक फरक उजेडात आला. साथीच्या भागातील काही निरोगी लोकांत १२७ व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन होते. कुरूच्या रोग्यांत तो फरक नव्हता. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की ज्या उंदरांत केवळ हेच बदललेले प्रथिन होते, त्यांना मानवी प्रिऑनच्या तपासलेल्या अठराही नमुन्यांपासून रोग झाला नाही.

विद्यार्थी येथे हमखास म्हणतील, की रोग आला म्हणून जनुक बदलले. तसे नाही. बदल योगायोगाने झाला. रोगाने फक्त निवड केली. तो असलेले वाचले, त्यांची मुले वाढली. निसर्गनिवड केवळ प्राचीन काळची गोष्ट नव्हे, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.