पंचक्रोशीची वाट आणि पाणी

इंदूरहून येणारा प्रवासी उज्जैनच्या दक्षिणेस नानाखेडा बसस्थानकावर उतरतो, महाकालाचे दर्शन घेतो आणि बहुधा सायंकाळीच परततो. या नगरीभोवती खेड्यापाड्यांतून व शेतांमधून जाणारी ११८ किलोमीटरांची, म्हणजे सुमारे ७३ मैलांची एक प्राचीन वाट आहे, हे त्याच्या गावीही नसते. ही पंचक्रोशी यात्रेची वाट होय. पायी चालणाऱ्यास ती पाच दिवसांची आहे. सायकलस्वारास दोन दिवस पुरतात.

नगरीच्या मध्यभागी महाकाल आणि चार दिशांना त्याचे चार द्वारपाल, अशी या प्रदक्षिणेची कल्पना आहे. पूर्वेस पिंगळेश्वर, दक्षिणेस करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेस अंबोदियाचा बिल्वकेश्वर आणि उत्तरेस जैथलचा दर्दुरेश्वर. यात्रा उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमीस निघते व अमावास्येस संपते. मराठी पंचांगात तोच पंधरवडा चैत्र वद्याचा असतो. पटणी बाजारातील नागचंद्रेश्वराला नारळ अर्पून यात्रेकरू त्याच्याकडून बळ मागून घेतात आणि मगच पाऊल उचलतात.

बळ मागण्याचे कारण पुढील अंतरे पाहिली म्हणजे ध्यानी येते. पिंगळेश्वरापर्यंत १२ किलोमीटर, तेथून करोहन २३, पुढे नलवा २१ आणि अंबोदिया ६. निम्मी वाट येथे सरते. दिवस ग्रीष्माचे, माळव्याचे पठार उघडे आणि सावली विरळ. त्यामुळे पूर्वार्धातील हे दोन मोठे टप्पे पहाटे लवकर निघून उन्हापूर्वी उरकावे लागतात. त्या दिवसांत वाटेवरील गावकरी ठिकठिकाणी पाणी पाजतात. एरवी एकट्याने जाणाऱ्याने मात्र आपले पाणी आपणच बाळगले पाहिजे.

उत्तरार्ध पाण्याच्या सोबतीचा आहे. अंबोदियाजवळ गंभीर नदीवर धरण आहे. कालिदासाने ‘मेघदूता’त वर्णिलेली गंभीरा ती हीच. या जलाशयात २२५० दशलक्ष घनफूट पाणी मावते. पुढे २१ किलोमीटरांवर शिप्रेच्या काठी कालियादेह लागते. माळव्याच्या सुलतानांच्या काळातील तेथील महाल नदीचे पाणी कुंडांतून खेळवून थंडावा निर्माण करण्यासाठी बांधलेला आहे. त्यानंतर जैथल ७ आणि उंडासा १६ किलोमीटर. उंडाशाच्या तलावावर हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरतात. तेथून शिप्रेचा घाट १२ किलोमीटर राहतो.

सायकलस्वाराने कार्तिक ते फाल्गुन हा काळ निवडावा. पावसाळ्यात काळी माती चाकात व चिखलरोधकात अशी भरते की सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. पहिल्या दिवशी अंबोदियापर्यंत ६२ किलोमीटर व दुसऱ्या दिवशी उरलेले ५६, अशी विभागणी सोयीची आहे. मुक्कामाची व्यवस्था मात्र आधीच विचारून ठेवावी. यात्रेच्या दिवसांत गर्दीतून सायकल दामटण्यापेक्षा ती घरी ठेवून पायीच जाणे शहाणपणाचे होय.

आणखी एक पथ्य आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. गंभीरचा जलाशय हा प्रवाशाच्या मौजेसाठी भरलेला नाही. उज्जैन शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तो मुख्य आधार आहे आणि पाऊस अपुरा झाला की उन्हाळ्यात त्याचा तळ दिसू लागतो. मग नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि नानाखेड्यापासून पटणी बाजारापर्यंत घरोघरी हंडे-कळशा भरून ठेवाव्या लागतात. काठावर साबण लावून अंग धुणारा किंवा उष्ट्या पत्रावळी व प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून जाणारा वाटसरू ज्या गावाला प्रदक्षिणा घालतो, त्याच गावाचे पाणी नासवतो.

यात्रा पुरी झाल्यावर यात्रेकरू पुन्हा नागचंद्रेश्वरी येतात आणि मातीचे लहान घोडे अर्पण करून घेतलेले बळ परत करतात. वाटेवर जे उसने घेतले ते जसेच्या तसे फेडावयाचे, हा या प्रथेतला अर्थ. पाण्यालाही तोच नियम लागू आहे.